नाकवाली ताई

लेकीला वास येत नाही, हे घरात एकट्या आईला ठाऊक होतं, आणि ठाऊक झाल्यापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. दुसऱ्या कुणाच्या मुलीचं असं झालं असतं तर आईनेच समजूत घातली असती, की अगं, तापातून उठल्यावर होतं असं कधीकधी, येईल हळूहळू, आणि नाही आला तरी काय बिघडलं, संसार काय नाकावर चालतो? पण या मुलीचा चालत होता. गवयाचा आवाज बसावा, शिंप्याची नजर जावी, तसंच हे.

कळलं ते दुधामुळे. लेक ओट्याशी उभी राहून फोनवर कुणाशी तरी गाडीच्या टायरबद्दल हुज्जत घालत होती. तिच्या कोपरापाशी दूध उतू गेलं, खाली उतरलं, करपलं, घरभर धूर झाला. आई आतल्या खोलीतून धावत आली तेव्हा लेक अजून टायरच्याच भावात अडकलेली.

"अगं कार्टे, नाक आहे की दाराची कडी? वास नाही आला?"

"कसला?" लेकीने विचारलं.

 आईने गॅस बंद केला, मग कपाटातून फिनेलची बाटली काढून लेकीच्या नाकाखाली धरली. लेक बाटलीकडे नुसती बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. आणि बाहेर तर मुळीच नको. यार्डात कळलं तर माझं दुकान उठलं म्हणून समज."

हे यार्ड म्हणजे गावाबाहेरचं पत्र्याच्या कुंपणातलं मोठं मैदान. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या, कंपन्यांनी काढून टाकलेल्या, अपघातातल्या, कुणाकुणाच्या मालकीवरून भांडण लागलेल्या, अशा सगळ्या गाड्या तिथे येतात आणि महिन्यातून दोनदा त्यांचा जाहीर लिलाव होतो. जाहीर म्हणजे खरोखरच जाहीर. अनामत भरा, नंबराची पाटी घ्या, हात वर करा. तुम्ही दलाल आहात की शाळामास्तर, कुणी विचारत नाही.

लेक बी.कॉम. झाल्यावर एका कर्ज देणाऱ्या कंपनीत चिकटली होती. एकदा साहेबांनी तिला यार्डात कागद पोचवायला धाडलं. गेली कागद द्यायला आणि आली गाडी घेऊन. साठवलेले सगळे पैसे एका पांढऱ्या छोट्या गाडीत घातलेले! आई पायरीवर मटकन बसली. आत्याबाईंनी फोन करून सांत्वन केलं, "मुलगी भंगारात पडली हो तुमची." त्यावर बाबा म्हणाले, "पडली तर पडली, चाकांवर पडलीय." ती गाडी लेकीने पुसूनबिसून, दुरुस्त करून, महिन्याभरात एका औषधविक्रेत्याला विकली. वर्षाच्या आत नोकरी सोडली. आता गावाच्या कडेला तिची छोटी कार्यशाळा आहे, हाताखाली एक वयस्क मिस्त्री आहे, आणि दारात कायम दोन-तीन गाड्या उभ्या असतात.

लिलावात फसायला काही लागत नाही. आदल्या दिवशी गाड्या बघायला देतात, पण चालवू देत नाहीत. इंजिन एकदा सुरू करून दाखवतात, बस्स. गाडी उचलायची नाही, हत्यार लावायचं नाही, गालिचा उपटायचा नाही. आणि लिलाव पुकारणारा दर गाडीआधी एकच पालुपद लावतो, "जिथे आहे तिथून, जशी आहे तशी." एकदा घेतली की मागाहून गळा काढायचा नाही.

सगळ्यांत वाईट असतात पाण्यात बुडालेल्या गाड्या. कुठे पूर आला की तिथल्या गाड्या पडेल भावाने उचलून, धुऊन, वाळवून, नव्या चटया घालून कुठल्या तरी लांबच्या यार्डात आणून उभ्या करतात. नवरीसारख्या नटलेल्या असतात त्या. चालतातही झोकात. पण पाणी वायरींत शिरलेलं असतं, आणि ते आतून खात राहतं. मग एक दिवस भर रस्त्यात दिवे जातात, नाहीतर इंजिन मरतं आणि स्टीअरिंग लोखंडासारखं जड होतं.

डोळ्यांना ते दिसत नाही, पण लेकीच्या नाकाला कळायचं. ती गाडीत बसायची, सगळ्या काचा वर घ्यायची, डोळे मिटून स्वस्थ राहायची. मग सीटचा पट्टा ओढायची, नेहमीसारखा वीतभर नाही, पार शेवटापर्यंत, आणि टोक नाकाला लावायची. "आई, गाडी धुणारे सगळं धुतात," ती सांगायची, "पण पट्ट्याचं शेपूट कुणी बाहेर काढत नाही. ते आतल्या आत गुंडाळलेलं राहतं. चिखलाचा वास तिथे वर्ष वर्ष टिकतो."

लोक आधी हसले. मग तिने सोडलेल्या गाड्या घेणाऱ्यांचे हाल बघितल्यावर हसू आवरलं. यार्डात तिचं नाव 'नाकवाली ताई' पडलं. गॉगल नावाचा एक दलाल होता, ढगाळ दिवशीही डोळ्यांवरचा गॉगल न काढणारा. तो तर तिच्या मागे मागेच फिरायचा. ती कुठल्या गाडीतून चेहरा पाडून उतरते आणि कुठल्या गाडीतून सहज उतरते, यावर त्याची खरेदी ठरायची. लेक पण बेरकी! चांगल्या गाडीतून बाहेर येताना मुद्दाम नाक मुरडायची आणि गॉगल तिथून काढता पाय घ्यायचा. घरी येऊन हे सांगताना खो-खो हसायची.

तापानंतर हसणं बंद झालं. ती लिलावाला जायची, काचा वर करून बसायची, पट्ट्याचं टोक नाकाला लावायची, सगळा विधी यथासांग करायची आणि रिकाम्या हाताने परत यायची. कशावरच बोली लावायचा धीर होईना. कार्यशाळेच्या दारात एकही गाडी उरली नाही. मिस्त्री दिवसभर पाने पुसत बसायचा. शेवटी एक दिवस लेक आईपुढे येऊन बसली.

"तुझं नाक कसं आहे?"

"माझ्या नाकाला काय धाड भरलीय?"

"मग उद्या माझ्याबरोबर चल."

आईने आधी कानांवर हात ठेवले. आपण बी.ए. झालेल्या, आयुष्य ग्रंथालयाच्या टेबलामागे गेलेल्या. गाडीचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, एवढंच आपलं ज्ञान. पण लेकीचा उतरलेला चेहरा बघवेना. दोघींची खूण ठरली. पाण्याचा वास आला तर आईने चष्मा काढायचा. नाही आला तर चष्मा नाकावर.

बघण्याच्या दिवशी यार्डात ऊन तापलं होतं. पत्र्यांवरून झळा येत होत्या. आई पहिल्या गाडीत बसली आणि तिला दरदरून घाम फुटला, तो उन्हाचा नव्हता. पट्टा ओढला, हुंगला. ओल्या गोणपाटासारखा वास. तिने चष्मा काढला. तिसऱ्या गाडीतही काढला. लेकीच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना तिला दिसत होतं. आईलाही जरा बळ आलं.

मग ती चंदेरी गाडी आली. नीटनेटकी, चार दारांची, कुणीतरी जपून वापरलेली वाटावी अशी. आरशाला लिंबाच्या वासाची पुडी टांगलेली. आई चालकाच्या जागी बसली, काचा वर घेतल्या, लिंबाच्या वासापलीकडचं काही लागतंय का ते शोधत राहिली. काही लागलं नाही. पट्टा शेवटापर्यंत ओढला. टोकाला कोऱ्या कापडाचा, दुकानातल्यासारखा वास होता. ती उतरली आणि मागचं दार उघडायला गेली, तर त्या दारावर कोपर टेकून गॉगल उभा.

"काय काकू, तुम्हीपण हुंगता का? घराणंच आहे म्हणायचं!"

भोवतालचे चार-पाच जण फिदीफिदी हसले. एकजण म्हणाला, "ताईंच्या नाकाला सुट्टी दिसते आज."

 आईला वाटलं, आता हा माणूस हसत हसत दुसरा प्रश्न विचारणार आणि तिसऱ्या प्रश्नाला सगळं उघडं पडणार. "माझी कंबर दुखते, मऊ सीट शोधतेय," ती कसंबसं म्हणाली, हात दाराच्या कडीवरून काढून घेतला आणि तिथून चालू पडली. चष्मा नाकावरच होता. लेकीने लांबून तो बघितला.

दुसऱ्या दिवशी चंदेरी गाडीवर बोली चढत गेली. गॉगलने लेकीच्या नाकावर विश्वास ठेवून पाटी वर केली, लेकीने आईच्या नाकावर ठेवून केली. दोघांच्या पाट्या खाली-वर, खाली-वर. बाकीचे मागे सरले. आई शेडच्या खांबाला धरून उभी होती आणि मनातल्या मनात म्हणत होती, सोड, सोड, त्याला जाऊ दे. का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ठरवलेल्या आकड्याच्या वर लेक गेली, आणखी वर गेली, आणि पुकारणाऱ्याचा हातोडा पडला.

"मानलं ताई तुम्हाला," गॉगल म्हणाला. "नाक शाबूत आहे."

मिस्त्रीने गाडी तपासली. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. "पोरगी गुणाची दिसते," तो बॉनेट थोपटत म्हणाला, "सासरी नांदेल." धुऊन, चकचकीत करून गाडी दारात उभी राहिली आणि आठवड्याच्या आत गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक म्हणजे एक नर्सबाई. नवरा परगावी नोकरीला, पदरात दोन लहान मुलं, रात्रपाळी सुटल्यावर बस मिळत नाही. कित्येक वर्षं एकेक रुपया बाजूला टाकलेला. गाडीभोवती एक फेरी मारून ती म्हणाली, "ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. वॉर्डातले सगळे म्हणाले, डोळे झाकून नाकवाल्या ताईंकडे जा. म्हणून आले."

गाडी न्यायला ती शनिवारी सकाळी आली, मुलांना घेऊनच. कामावर जाता जाता त्यांना शेजारणीकडे सोडायचं होतं. आई लेकीचा डबा घेऊन कार्यशाळेत आली होती. नर्सबाईच्या बोलण्याला खंड नव्हता. "दुपारी सुटले की मुलांना उचलते आणि तशीच माहेरी निघते, काकू. डोंगरापलीकडे गाव आहे. आईला सांगितलंच नाही, एकदम दारात हॉर्न वाजवणार!" धाकट्यासाठी तिने लहान मुलांची खुर्ची आणली होती. ती मागच्या सीटवर बसवायला आई आत शिरली. खुर्चीच्या मागून पट्टा फिरवायचा तर तो पुरा ओढावा लागतो. आईने ओढला. ओढत गेली. शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला तो तपकिरी होता. एक सरळ रेघ, तिच्या वर काळा आणि तिच्या खाली मातकट. आणि वास! नदी उतरल्यावर काठावर जो राहतो, तो.

 बाहेर लेक नर्सबाईला दिव्यांची बटणं दाखवत होती आणि कशावर तरी हसत होती. तापानंतर पहिल्यांदा अशी मोकळी हसत होती. थोरला मुलगा पुढे येऊन विचारत होता, "आजी, झालं का?" आईने खुर्ची बसवली, पट्टा अडकवला. सांगावं म्हणून वळली, मग वाटलं, आपल्याला नीट कळलं नसेल, चहा सांडला असेल, कुणाच्या ओल्या छत्रीचा डाग असेल. एवढ्यात दारं लागली, मुलांनी हात हलवले आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

सकाळभर आई कार्यशाळेतल्या खोलीत बसून राहिली. घरी जायचं सोडून बसली म्हणून लेकीने दोनदा विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" आधी एक माणूस टायर विचारायला आला. मग बाबांचा फोन आला, अंडी किती वेळ उकडायची म्हणून. दर वेळी आई मनाशी म्हणायची, हा गेला की सांगते, हे झालं की सांगते. जेवणाची वेळ टळली. शेवटी खोलीत दोघीच राहिल्या, आणि तिने सांगून टाकलं.

लेक आधी भांडली. "शक्यच नाही. पुढचा पट्टा तू हुंगला होतास ना?"

"हुंगला होता. त्याला वास नव्हता. कोरा होता."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे नवा. नव्या कापडाचा वास होता."

 लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. "आई, सहा वर्षं जुन्या गाडीला नवा पट्टा कोण लावतं? तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू वासाचं विचारलं होतंस. मी वास बघितला."

ते खरं होतं, आणि लेकीला तेच ऐकवेना. तिने मिस्त्रीला हाक मारली. तो हात पुसत आला, ऐकून घेतलं आणि स्टुलावर बसला.

"काका, अशी गाडी कधी दगा देते?"

"ती काय मला विचारून बंद पडणार? वर्षभर धावेल. आज संध्याकाळी पण बसेल."

"पण तुम्ही तर तपासली होती!"

"इंजिन तपासलं, ताई. वायरी उकलल्या नाहीत. पाण्याचं तुम्ही बघता, ते मी कधी बघत नाही. तुम्ही आणली म्हणजे कोरडीच असणार, असंच आपलं चालत आलंय."

मिस्त्री बाहेर गेला. लेक खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालू लागली. "सोमवारी बोलावते तिला. पहिली तपासणी फुकट म्हणून सांगते. गुपचूप सगळ्या वायरी बदलते, तिला पत्तापण लागणार नाही."

"ती आज निघतेय. डोंगरातून."

"मला माहितीय ती आज निघतेय!" लेक ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आता फोन करून काय सांगू? गाडी बुडालेली आहे? ती विचारेल, ताई, तुम्हाला कसं कळलं नाही? मग काय सांगू? ती वॉर्डात सांगेल, वॉर्ड गावाला सांगेल, गॉगल यार्डात पेढे वाटून सांगेल. माझ्याकडे नावाशिवाय आहे काय, आई? दोन दिवस. फक्त दोन दिवस दे मला."

आईला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. लहानपणी पडून आली की हीच मुलगी रडायच्या आधी म्हणायची, कुणाला सांगू नकोस. आणि आईने कधी सांगितलंही नव्हतं. ज्या पोरीची रोज दिवेलागणीपासून वाट बघितली, जिच्यासाठी यार्डाच्या धुळीत जाऊन परक्यांच्या गाड्या हुंगल्या, तिचं नाव आपल्याच तोंडाने घालवायचं? पण डोळ्यांसमोरून ती मागची खुर्ची हलेना. पट्टा तिनेच अडकवला होता, ओढून बघितला होता, घट्ट बसलाय याची खात्री केली होती.

"दोन दिवस मी तुला दिले असते," आई म्हणाली. "पण ते माझे नाहीत द्यायला."

"आई!"

"तुझी चूक नाही. मी काचा वर करून बसले, मी चष्मा ठेवला. हे पण सांगेन तिला. पण ते सांगायचं तर तुला वास येत नाही, हे आधी सांगावं लागेल. त्याशिवाय कुठलंच वाक्य पुरं होत नाही, मी केव्हाची जुळवून बघतेय."

 लेक ताडकन बाहेर गेली, गाड्या धुवायच्या नळाशी उभी राहिली आणि तोंडावर पाणी मारत सुटली. मिस्त्रीने पाना खाली ठेवला, पण जागचा हलला नाही. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. नर्सबाईची पाळी सुटली असणार. मुलं शेजारणीच्या दारात बूट घालून उभी असतील. अजून गावातच असेल ती. डोंगर लागल्यावर फोन लागेल न लागेल.

सकाळी येतेय हे सांगायला लेकीचा फोन लागेना म्हणून नर्सबाईने आईच्याच मोबाइलवर फोन केला होता. बाबांच्या नंबराखाली तिचाच होता. आई मोबाइल घेऊन दारात आली.

"मी तिला फोन करतेय," ती लेकीच्या पाठीला म्हणाली. "तुझ्यामागे नाही, तुझ्यादेखत करतेय. तुला बोलायचं असेल तर ये. नाहीतर मी बोलते."

लेक वळली नाही. नळ तेवढा तिने बंद केला, आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली, ऐकत. आईने चष्मा सारखा केला आणि नंबरावर बोट ठेवलं.